पंधरा दिवसांचा खाडा

अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दुभाजकावर शेवंतीच्या कुंड्या दिसायला लागल्या की समजायचं, आमच्याकडे परिषदांचा हंगाम आला. नोव्हेंबर सरत आलेला असतो. सकाळी रिक्षात बसलं की कानांना जरा गार लागतं, दुपारी पुन्हा घाम फुटतो. उपनगरांच्या वाट्याला येते ती एवढीच थंडी. तेवढ्यात एका टेम्पोतून कुंड्या उतरतात, फुटपाथच्या कडांना नवा पिवळा-काळा रंग लागतो, सिग्नलजवळ कणसं भाजणाऱ्या बाईला आठ दिवस दुसरीकडे बसायला सांगतात. खांबाखांबावर निळे फलक चढतात. कधी हाडांच्या डॉक्टरांची परिषद, कधी सिमेंटवाल्यांची, कधी विमेवाल्यांची. सगळ्यांचं शहरात हार्दिक स्वागत असतं. पाहुणे गेले की कुंड्या परत टेम्पोत चढतात आणि कणसंवाली आपल्या जागेवर येते.

लोकांना त्या कुंड्या आवडतात. मला बघवत नाहीत. मी पार्ल्याला राहते, तिथल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, आणि पाहुणे आले की गावाचं भलं होतं हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवत आले आहे. एकदा, सात हिवाळ्यांपूर्वी, ते मी वर्गाबाहेर सांगितलं. माझ्या थोरल्या बहिणीने, कुंदाताईने, ते खरं मानलं. त्या हंगामानंतर वर्षभरात तिची खानावळ बंद पडली. ताईने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. आणि ‘ताई, माझं चुकलं’ एवढं मीही तिला कधी म्हटलं नाही. अगदी साधे तीन शब्द, पण सात वर्षांत तोंडातून फुटले नाहीत.

खानावळ याच अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतल्या गल्लीत होती. चार टेबलं, सोळा खुर्च्या, भिंतीवर रवळनाथाची तसबीर, आणि दारातून आत पाऊल टाकलं की भाजलेल्या खोबऱ्याचा वास. वडील परळला गिरणीत होते. गिरणी गेली तसे आम्ही जोगेश्वरीला आलो. भाऊजी ऐन उमेदीत गेले तेव्हा ताई एकतीस वर्षांची होती. रडून झाल्यावर तिने आईचा मोठा पाटा मागून घेतला आणि महिन्याभरात ही खानावळ काढली. मी तेव्हा एम.ए. करत होते. माझी पुस्तकं, माझा पास, परीक्षेच्या दिवसांत सकाळी दुधात घालून मिळणारं अंडं, सगळं त्या खानावळीतून आलं. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. वर्गात मी फक्त आकृत्या काढल्या.

खानावळीत गिऱ्हाईक नसतं, मेंबर असतो. महिन्याचं जेवण लावलेला माणूस तो मेंबर. त्याला विचारावं लागत नाही की काय हवं. तोच ताटावर बसून विचारतो, ‘आज काय?’ ताईचे तीसेक मेंबर होते. विमानतळावर सामान चढवणारे, हॉस्पिटलातल्या रात्रपाळीच्या नर्सा, कुरियरवाले, दोन बँकेतले. मेंबर गावाला जाणार असला, आजारी असला, कोणाच्या लग्नाला जेवणार असला की त्याने आदल्या दिवशी ‘खाडा’ सांगायचा. न सांगता गैरहजर राहिलं तर ताई रागवायची. तिच्या रागाचं कारण वाया गेलेलं अन्न हे तर होतंच, पण त्याहून मोठी होती ती काळजी. एकदा एक बँकवाला न सांगता दोन दिवस आला नाही, तर ही पदर खोचून त्याच्या खोलीवर गेली. तापाने फणफणलेला सापडला. त्याला पेज पाजून आली आणि वर दम दिला, ‘मरायचं असलं तरी खाडा सांगून मरायचं.’

तर खाडा मेंबरने सांगायचा, ही रीत. खानावळीने मेंबरांना खाडा सांगितला असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. गणपतीला गावी जातानासुद्धा ताई मागे शेजारच्या बाईला उभी करून जायची.

सगळ्यात जुने मेंबर मोरेकाका. मूळचे परभणीकडचे, विमानतळाच्या मालगोदामात कारकून. बायको गावी म्हाताऱ्या सासूपाशी, हे इथे मागच्या चाळीत एका खोलीत. दारात आले की म्हणायचे, ‘जय भीम, ताई.’ ताई म्हणायची, ‘जय भीम, काका, बसा.’ एवढाच त्यांचा संवाद, पण तो अकरा वर्षं रोज दोन वेळा झाला. काकांना साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी भात बंद केला. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या ताईला ज्वारीची भाकरी कुठली यायला? काकू एका उन्हाळ्यात आल्या होत्या, त्यांच्याकडून ती शिकली. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्यांच्या कडा फाटलेल्या असायच्या. काका त्या मुकाट्याने खायचे आणि म्हणायचे, ‘जमतंय, जमतंय.’

आणि दर वर्षी डिसेंबर लागला की काकांचे गाववाले यायचे. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर दर्शनाला जायचं म्हणून दहा-बारा माणसं, बायका, एखादं कडेवरचं पोर, एक-दोन म्हातारी. पाच तारखेच्या सकाळी उतरायची, काकांच्या खोलीत दाटीवाटीने राहायची आणि जेवायला ताईकडे. त्या दिवसांत खानावळीत तीन पंगती उठायच्या. ताई पहाटेपासून भाकऱ्या थापायची आणि कुरकुरायची, ‘माझे हात मोडले आज.’ पण त्या बायका तिला चटणीची पुडी द्यायच्या, तिळाची, कारळाची, आणि ती पुडी ती वर्षभर पुरवून खायची. कोणाला वाढायचीही नाही. मी एकदा हात घातला तर म्हणाली, ‘ती माझी आहे.’

गल्लीसमोर औषधांचा एक कारखाना होता. तो बंद झाला, काही वर्षं तिथे नुसतं गवत वाढलं, आणि मग काचेचा तो अवाढव्य हॉल उभा राहिला. आत पाच हजार माणसं एका वेळी बसतील असं लोक सांगायचे. त्या वर्षी डिसेंबरात तिथे पहिली मोठी जागतिक परिषद ठरली, प्रदर्शनासकट चांगली पंधरा दिवसांची. कसली ते आता आठवतही नाही, बहुधा पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची. गल्लीतले दुकानदार हरखले. मंडळाच्या खोलीत त्यांची बैठक भरली आणि ताईची धाकटी बहीण अर्थशास्त्राची मॅडम आहे म्हणून मला बोलावणं आलं.

मी गेले, आणि काय सांगू, मला फार छान वाटलं. कॅरम बोर्ड उलटा करून भिंतीला टेकवला होता, त्यावर मी खडूने वर्तुळं काढली. म्हटलं, एक पाहुणा आला. तो रिक्षात बसला. रिक्षावाला त्या पैशातून ताईकडे जेवला. ताईने खारदांड्याच्या कोळणीकडून पापलेट घेतलं. कोळणीने पोरीची फी भरली. एकच रुपया, पण बघा किती घरांतून फिरला. याला म्हणतात गुणक. माणसं टक लावून ऐकत होती. माझ्या वर्गात अशी शांतता कधी नसते. फक्त कोपऱ्यात बसलेल्या पानवाल्याने हात वर केला.

‘मॅडम, ते सगळं ठीक आहे. पण हे लोक आपल्या गल्लीत येणार ना?’

मी हसले. म्हटलं, ‘अहो, पाच हजार माणसं येणार आणि जेवणार कुठे? येणार म्हणजे काय, उभं राहायला जागा पुरणार नाही.’

सगळे हसले. पानवालाही हसला. मी शिकलेली सगळी पुस्तकं एका बाजूला ठेवली तरी त्या पानवाल्याचा प्रश्न जड होता, पण मला ते कळायला परिषदेचे ते पंधरा दिवस जावे लागले.

घरी परतताना ताई माझ्या बरोबरीने चालत होती. तिचं लक्ष कुठेतरी लांब. माझा हात धरून म्हणाली, ‘खरं ना गं हे? तू सांगते ते?’

‘अगं ताई, खरंच. पुस्तकात आहे.’

‘माका काय कळता त्यातला. तू शिकलेली, तू सांगशील तां खरां.’ मनातलं बोलताना ताई मालवणीत शिरते. पुढे साध्या सुरात म्हणाली, ‘एक सीझन चांगला गेला ना, तर मागच्या भिंतीला खिडकी पाडून घेईन. चुलीपुढे जीव घुसमटतो आता.’

एवढंच तिला हवं होतं. एक खिडकी.

मग आमची तयारी सुरू झाली, आणि ती तयारी आठवली की मला आधी हसू येतं. भिंतींना फिकट हिरवा रंग. टेबलांवर नवीन सनमायका. इंग्रजी पाटी. मेन्यू मी लिहिला. सोलकढीला काय म्हणावं यावर आम्ही दोघींनी एक अख्खी दुपार घालवली. तिखट कमी करायचं ठरलं. ताई रोज थोडं थोडं कमी करून मला चाखायला द्यायची आणि मी परदेशी पाहुणी असल्यासारखं तोंड करून सांगायचे, ‘अजून कमी.’ शेवटी ते माशांचं तिखलं इतकं मवाळ झालं, की ताईने स्वतः चाखून बाजूला सरकवलं. म्हणाली, ‘आजाऱ्याला द्यायचं जेवण झालं हे.’ आरशासमोर उभी राहून ती ‘वेलकम’ म्हणायची. नीट म्हणायची, पण म्हणताना दर वेळी हात जोडायची.

राहिला प्रश्न मेंबरांचा. सोळा खुर्च्या. पाहुणे आले आणि खुर्च्यांवर मेंबर बसलेले, असं कसं चालेल? हा मुद्दा मीच काढला. ताईने सोळाही खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, ‘त्यांना काय सांगू?’ मी म्हटलं, ‘पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.’ आणि नोटीसही मीच लिहून दिली, सुवाच्य अक्षरात: ‘दिनांक एक ते पंधरा डिसेंबर खानावळीस खाडा राहील. सभासदांनी सहकार्य करावे.’ आजवर कोणी त्या माणसांना सभासद म्हटलं नव्हतं.

मेंबरांनी वाचलं. काही म्हणाले, ‘झकास, ताई, आता तुमची चैन आहे.’ नर्सा म्हणाल्या, ‘आम्हाला विसरू नका हां.’ मोरेकाका नोटिशीसमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. बोटांवर काहीतरी मोजलं त्यांनी. मी तिथेच होते, मला दिसलं. मग ते आत आले, जेवले, हात धुतले आणि ताईला म्हणाले, ‘तुमचं भलं होतंय ना, ताई? मग झालं तर.’

काका काय मोजत होते ते आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. अकरा वर्षं जिच्या घरात सहा डिसेंबरच्या पंगती उठल्या, ती ताई विसरली, कारण तिच्या डोक्यात पापलेटं होती. आणि मी विसरले, कारण ती माणसं मी कधी पाहुणे म्हणून धरलीच नव्हती. बाहेरगावाहून येतात, इथे राहतात, इथल्या गल्लीत जेवतात, इथल्या दुकानातून पोरांना खेळणी घेतात. माझ्या वर्तुळांत बसणारी याहून चोख माणसं कुठली? पण त्यांच्या गळ्यात परिषदेच्या ओळखपत्राचा पट्टा नव्हता, त्यांच्या स्वागताचे फलक आमच्या रस्त्यावर नव्हते, म्हणून माझ्या अर्थशास्त्राला ती दिसली नाहीत.

एक तारखेला सकाळी गल्लीच्या तोंडाशी लोखंडी अडथळे आले. कोणी मोठे मंत्री उद्घाटनाला येणार होते. गल्लीत राहणाऱ्यांना ओळखपत्र दाखवून आत सोडत होते. ताईने चांगली मोरपिशी साडी नेसली होती, केसात अबोलीचा वळेसर. कोळणीने पहाटेच चाळीस पापलेटं टाकली होती आणि जाताना म्हणाली होती, ‘बरकत व्हईल बाय तुना.’ दुपारी एक वाजता ताई दारात उभी राहिली. रस्त्यावरून एकामागून एक उंच बसगाड्या आल्या, काळ्या काचांच्या. अडथळे बाजूला झाले, गाड्या फाटकातून आत गेल्या, अडथळे पुन्हा लागले. आत मोठा मांडव होता. वाऱ्याबरोबर तिथल्या जेवणाचे वास गल्लीत येत होते. जेवण परिषदेच्या फीमध्येच होतं. चहाही. संध्याकाळचं खाणंपिणं हॉटेलात, हॉटेल विमानतळाजवळ, आणि हॉटेलातून थेट विमान. पाच हजार माणसांचे पाय आमच्या रस्त्याला लागले असतील असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशीही ताई उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. रोज वेगळी साडी. मी कॉलेजातून रजा काढून मदतीला गेले होते, मला करायला काही काम नव्हतं. आम्ही दोघी ते मवाळ तिखलं खायचो, उरलेलं गल्लीत वाटायचो. गल्लीतल्या पोरांनाही ते आवडलं नाही.

एक पाहुणा आला, खोटं का बोला. गळ्यात निळा पट्टा, घामाघूम, गोरा, वयस्कर. वाट चुकला होता. ताई लगबगीने पुढे झाली, हात जोडून ‘वेलकम’ म्हणाली. त्याला फाटक क्रमांक तीन हवं होतं. ताईने त्याला खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी दिलं. पाणी त्याने हातात घेतलं, प्यायला नाही. मी वाट सांगितली. जाताना त्याने पाटीचा फोटो काढला, खूप छान आहे म्हणाला. ताई त्याच्या मागे दोन पावलं गेली आणि थांबली. मग आत येऊन तिने पंखा बंद केला.

पाच तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला ताई कोथिंबीर आणायला गल्लीच्या तोंडाशी गेली. मी मागून पिशवी घेऊन गेले. अडथळ्यांच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर, माणसं बसली होती. पांढरे सदरे, पांढरी लुगडी. पोतडीतून आणलेल्या दशम्या कागदावर ठेवून खात होती. एका म्हातारीने ताईकडे बघून हात वर केला. तिच्या शेजारी मोरेकाका उभे होते.

ताई जागच्या जागी थिजली. तिने तारीख तेव्हा मनात मोजली, मला तिच्या तोंडावर दिसलं. अडथळ्यापाशी गेली आणि पोलिसाला म्हणाली, ‘ही माणसं माझ्याकडची आहेत, आत सोडा.’ पोलीस तरुण होता, वाईटही नव्हता. म्हणाला, ‘पाहुण्यांचा पास आहे का, मावशी? नाहीतर ओळखपत्र पाहिजे इथल्या पत्त्याचं. मला सांगून काय उपयोग, वरून ऑर्डर आहे.’

‘अहो, जेवायला येतायत.’

‘ते पण तेच सांगत होते मघाशी.’

काका पुढे आले. ताई म्हणाली, ‘काका, थांबा, मी इथे आणते. सगळं तयार आहे. भाकऱ्या आता टाकते, अर्ध्या तासात.’

काका म्हणाले, ‘नको ताई. तुमची पाहुण्यांची गडबड असंल. आमची झाली सोय. आता दादरलाच जातो, तिकडं रांगेत लागायचंय.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की आत सोळा खुर्च्यांवर पाहुणे बसले आहेत. आणि ताईला त्यांना सांगता आलं नाही, की एकही माणूस आलेला नाही. तिने लोखंडी नळीवर हात ठेवला. म्हातारीने कमरेच्या पिशवीतून चटणीची पुडी काढली, नातीच्या हाती दिली, नातीने ती अडथळ्यातून अलीकडे ताईच्या हातात दिली. मग सगळे उठले, पायरी झाडली, कागद गोळा केले आणि गेले.

त्या दिवशी ताईने पाटाही मांडला नाही. भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, ‘ताई, अजून दहा दिवस आहेत.’ कशाला म्हटलं, देव जाणे. तेव्हाच म्हणायचं होतं, की माझं चुकलं. मी गुणकाच्या बाजूने बोलत बसले.

सोळा तारखेला नोटीस काढली. मेंबर सगळे लगेच परतले नाहीत. रागावून नव्हे, पंधरा दिवसांत माणसाची सवय मोडते. कोणी मोबाइलवरून डबा मागवायला शिकलं, कोणी कॅन्टीन लावलं, नर्सांना हॉस्पिटलातच जेवण मिळायला लागलं. तिसाचे बारा झाले, बाराचे सात. मोरेकाका एकदा आले, उभ्याउभ्याच. साकीनाक्याला कोणी गाववाल्याने खानावळ काढली होती, ती त्यांना कामावरून परतताना वाटेत पडत होती. ‘जय भीम, ताई,’ म्हणाले. ताई म्हणाली, ‘जय भीम, काका, बसा.’ ते बसले नाहीत. पुढच्या दिवाळीआधी ताईने टेबलं विकली. मग महामारीची दोन वर्षं आली आणि सगळ्यांचीच दारं बंद झाली, तेव्हा लोक म्हणायला लागले की कुंदाताईची खानावळ महामारीत गेली. ताई ते खोडून काढत नाही. मीही नाही.

मी हा सगळा प्रकार रागाने तोलून बघायचा प्रयत्न केला आहे, आणि तो रागाने नीट तोलता येत नाही. त्या हॉलमुळे कोणाचंच भलं झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. माझी घाटकोपरची एक विद्यार्थिनी तिथे नोंदणीच्या टेबलावर बसते, त्यावर तिच्या घरातली दोन माणसं जेवतात. विमानतळाजवळची हॉटेलं भरतात. फुलं येतात, मांडव येतात, गाड्या येतात. फक्त येतात ते सगळं लांबून, मोठ्या ठेक्यांतून, आणि तसंच परत जातं. शहराला लाभ झाला असं अहवाल सांगतात आणि ते बहुधा खरंही असेल. पण शहर म्हटलं की कोण, हे ठरवणारे लोकही त्या फाटकाच्या आतच जेवत असतात. पानवाल्याचा प्रश्न अजून कोणी त्यांना विचारलेला नाही. तो पानवालाही आता तिथे नाही.

ताई मात्र तिथे आहे. दोन वर्षांपूर्वी त्या हॉलच्या जेवणाच्या ठेकेदाराला हंगामापुरत्या बायका हव्या होत्या. ताई गेली. पांढरा कोट, केसांवर जाळी, हातात पारदर्शक मोजे. पाहुण्यांसमोर गरम घावणे काढून द्यायचे. काउंटरवर पाटी असते, स्थानिक चवी. पहिल्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, ‘आत केवढ्या खिडक्या आहेत गं.’ मला वाटलं ती मला टोचते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती नुसती सांगत होती.

यंदा कुंड्या लागल्या आणि मला पत्र आलं. त्याच हॉलमध्ये एक परिषद, विषय परिषद-पर्यटन आणि स्थानिक अर्थव्यवस्था, आणि वक्त्यांत माझं नाव. मी नाही म्हणणार होते. ताईला फोन केला तर ती म्हणाली, ‘ये की. का नाही येणार? फक्त एक कर, काउंटरवर ओळख दाखवू नको हां. पाहुण्यांशी बोललेलं सुपरवायझरला चालत नाही. गेल्या हंगामात एकीला घरी बसवली.’

मागच्या आठवड्यात मी गेले. बसगाडीतून नव्हे, पण गळ्यात पट्टा घालून गेलेच. सकाळच्या सत्रात मी त्या खानावळीची गोष्ट सांगितली. खाडा, नोटीस, अडथळे, पायरीवर जेवणारी माणसं, सगळं. खानावळ माझ्या बहिणीची आणि नोटीस माझ्या अक्षरातली, एवढं सोडून. लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने विचारलं, ‘हे एकाच खानावळीचं उदाहरण झालं ना, मॅडम?’ मी म्हटलं, ‘हो, एकाच.’

दुपारी जेवणाची रांग मोठी होती. आयोजकांपैकी एक उत्साही तरुण माझ्या शेजारी होता. पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हे बघा मॅडम, तुमचा मुद्दा आम्ही लक्षात घेतलाच आहे. इथल्याच बायकांना काम दिलंय. एकदम ऑथेंटिक.’ ताई खाली मान घालून तव्यावर पीठ सोडत होती. तिच्या कपाळावर जाळीचा वळ उठला होता. तिच्या मागे, दोन हातांवर, टाय लावलेला माणूस उभा होता. तिने घावणा उलटला, दुमडला, चिमट्याने माझ्या ताटात ठेवला.

‘चटणी, मॅडम?’ ती म्हणाली.

तिने लहानपणी मला कडेवर घेतलं आहे. तिने मला मॅडम म्हटलं, आणि तिचा आवाज जराही हलला नाही. मी ताट पुढे केलं. आणि सात वर्षं जे घरी बसून, तिच्या मांडीला मांडी लावून सांगता आलं असतं, ते मी त्या काउंटरवर वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं.

‘ताई, माझं चुकलं.’

तिचा चिमटा क्षणभर थांबला. तिने मान वर केली नाही. मागचा टायवाला एक पाऊल पुढे आला होता.

‘पुढे सरका, मॅडम,’ ताई म्हणाली, ‘मागे लाइन आहे.’

मी पुढे सरकले.